मक्यावर कोण दळणार?

टक्.

आवाज एवढाच झाला. पण धाकटा नुकता कुठे पाळण्यात झोपला होता, शकू शाळेत होती, मामंजी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झाले होते आणि मी मोरीच्या उंबऱ्याशी पाठकोरे कागद मांडीवर घेऊन बसले होते. अशा दुपारी तो आवाज तोफेसारखा वाटतो. माळ्यावरून मक्याचा एक दाणा सुटला होता आणि खालच्या पितळी डब्याच्या झाकणावर पडला होता. धाकट्याने डोळे उघडले. मी श्वास रोखला. त्याने माझ्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, आणि माझ्यावर उपकार करून पुन्हा डोळे मिटले.

संक्रांत होऊन गेली तरी दाणे पडताहेतच. माळा मी झाडला, ह्यांनी झाडला, मामंजींनी शिडीवर चढण्याचा हट्ट धरून सगळ्यांना घाम फोडून झाडला. मुंबई महाराष्ट्राला कधी मिळणार ते पुढारी जाणोत. आमच्या माळ्यावरून मका हटायला त्याहूनही जास्त वेळ लागणार हे मी लिहून देते.

आता परळच्या दोन खोल्यांत मका आला कुठून? तर मुरबाडच्या अलीकडे आमची एक पट्टी होती. बाकीची जमीन केव्हाच कुळांकडे गेली. ओढ्याकाठची ही पट्टी मात्र पडीक, म्हणून उरली. तिला लागून भिवाचं शेत. तो दर वर्षी यायचा, दाराशी बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, "मालक, पट्टी मला द्या की. लोळून लोळून ती बी कट्टाळली."

मामंजी द्यायचे नाहीत. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांचं एक झालं होतं. कचेरीची वेळ झाली की ते आंघोळ करून, धोतर-कोट घालून तयार व्हायचे, आणि जायचं कुठेच नाही म्हणून गॅलरीतल्या खुर्चीवर बसायचे. समोरून गिरणीची पाळी सुटायची, भरायची. ते बघत बसायचे. त्यांच्या बोलण्यात 'आमचं' म्हणावं असं एवढंच उरलं होतं, 'आमची मुरबाडची पट्टी'. कोणी नवा माणूस आला की तिची ओळख माझ्याआधी व्हायची.

आमच्या ह्यांना मात्र ती पट्टी म्हणजे दर पावसाळ्यात दुखणारा जुना गुडघा वाटायचा. शेवटी बापलेकांत करार झाला. मी वाढपी म्हणून साक्षीला होते. हे म्हणाले, "दादा, एक पीक घेऊन बघा. तिनं तिच्यापुरतं तरी कमवावं. कमावलं तर पट्टी तुमची, मी जन्मात विषय काढणार नाही. नाहीतर संक्रांतीला भिवा येईल तेव्हा त्याला देऊन मोकळे व्हा."

"कबूल," मामंजी म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी भात परत मागितला.

पीक कुठलं घ्यायचं हे वरच्या मजल्यावरच्या राजलक्ष्मीबाईंनी ठरवलं. आमच्या बिल्डिंगीत कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ, कोणाच्या खोकल्याला कुठला काढा हे त्याच ठरवतात. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. तांदूळ डोळे वर करून बघावा इतका महागला होता आणि भाषणांतून मक्याचा महिमा चालू होता. "शकूच्या आई," त्या म्हणाल्या, "मका म्हणजे भविष्य आहे, भविष्य! माणूस खातो, जनावर खातं, कणीस जळतं, साल गादीत भरतात. काही म्हणजे काही वाया जात नाही." (वाया काय काय जातं ते मी पुढे सांगणारच आहे.) शिवाय मामंजींनी कुठेतरी वाचलं, की गिरण्यांत सुताला जी खळ लावतात ती मक्याची असते. ते गॅलरीतून उठून आत आले. "सूनबाई, इथून बघ. मोजता येत नाहीत एवढी धुराडी! सगळ्यांना खळ लागते. म्हणजे आपलं गिऱ्हाईक गॅलरीतून दिसतंय!"

पेरणी भिवाने केली. राखण भिवाने केली. शेतीचं बाकी सगळं मामंजींनी परळहून केलं. पाऊस आला की गॅलरीबाहेर हात काढून म्हणायचे, "असाच तिकडेही पडत असेल ना?" पोपट कणसं खाताहेत असा निरोप आला तेव्हा त्यांनी बुजगावण्यासाठी स्वतःचा कचेरीतला काळा कोट पाठवला. "कोटाला माणसंसुद्धा घाबरायची," हे त्यामागचं शास्त्र.

दिवाळीनंतर एका सकाळी दारात मालमोटार थांबली आणि मामंजींचा कोट जिना चढून वर आला. आत भिवा होता.

"हा बुजगावण्याला दिला होता ना?" मी विचारलं.

"बुजगावण्याला थंडी वाजती का, वयनी?" भिवा म्हणाला. "अन मीच कोट घालून हुबा राहत हुतो की. त्याच्यापरीस मी बरा, हात तरी हालवतो."

भिवा आदल्या दिवशीच निघाला होता, पण वाटेतल्या एका जकातनाक्यावर अडकला. काही गोण्यांत सोललेले दाणे, काहींत कणसं. तिथल्या कारकुनाचा आक्षेप असा, की दाणा म्हणजे धान्य आणि कणीस म्हणजे भाजी. एका गाडीतून धान्य आणि भाजी एका नावाखाली जाणार कशी? भिवा म्हणाला, "सायेब, एकाच झाडाची लेकरं हाईत." साहेब म्हणाले, "लेकरांची नावं वेगळी असतात की नाही?" अखेर भिवाने नाक्याच्या कट्ट्यावर बसून सगळी भाजी सोलून तिचं धान्य केलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मदत केली. मदत करणाऱ्यांनी खाल्लंही.

गोण्या गॅलरीत लागल्या. त्याच क्षणी आमच्या गॅलरीवर सगळ्या मजल्याचा हक्क उत्पन्न झाला. कोणी म्हणे उंदीर येतील, कोणी म्हणे मांजर पाळा, कोणी म्हणे तुमचं मांजर आमच्या दुधात तोंड घालेल. मांजर अजून यायचं होतं आणि भांडण होऊनही गेलं. पोरांनी गोणीला बोटाने भोक पाडून दाण्यांच्या गोट्या केल्या. शकूची पोरांत पत वाढली. तिला त्या वर्षात एकच वाक्य येत होतं. भाजी आवडली नाही तरी, न्हाणं नको असलं तरी, मूठ उगारून "झालाच पाहिजे!" आता ती गोणीवर उभी राहून ओरडायची, "मका झालाच पाहिजे!" आणि खालून पोरं साथ द्यायची. मामंजींना ते फार आवडायचं.

पहिली मोहीम गिरणीची. मामंजी कोट घालून (भिवाने तो तेवढ्यापुरता परत दिला), रुमालात मूठभर दाणे बांधून एका गिरणीच्या फाटकाशी गेले. पहारेकऱ्याने त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, बदलीवाल्यांची लाइन तिकडं." मामंजींनी चाळीस वर्षं कचेरीत काढली होती; लाइन म्हटली की उभं राहायचं हे हाडात भिनलेलं. गैरहजरांच्या जागी एक दिवसाचं काम मिळावं म्हणून आलेल्यांत उभे राहिले. बऱ्याच वेळाने कोणाला तरी त्यांची दया आली आणि खळखात्यातल्या एका गृहस्थापाशी नेलं. तो माणूस चांगला होता, हेच वाईट झालं. 'आम्हाला तयार खळ रेल्वेच्या वाघिणींनी येते, तुमचा सगळा मका आमच्या एका दुपारचाही नाही,' हे सरळ सांगायचं सोडून तो म्हणाला, "तयार खळ करून आणा आजोबा, नमुना बघू."

मामंजी घरी आले ते तरुण होऊन. "बोलणी सुरू झाली आहेत," असं त्यांनी जाहीर केलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

आता कुरडयांसाठी गव्हाचा चीक मी दर वर्षी काढते. गव्हाचा निघतो तर मक्याचा का निघू नये? असा विचार शिकलेल्या बाईलाच सुचतो. मी बादलीभर मका भिजत घातला. गहू दोन-तीन दिवसांत बोटाने दबतो. मका दबेना. तो नुसता पाण्यात बसून माझ्याकडे बघायचा. चौथ्या दिवशी त्याने वासाला सुरुवात केली. पहिल्यांदा शेजारच्यांनी आपली मोरी धुतली. मग त्यांच्या शेजारच्यांनी. मग सगळा मजला फिनेल घेऊन बाहेर आला, आणि मीही निर्लज्जपणे त्यांच्यात उभी राहून म्हटलं, "हो ना, कुठून येतोय कोण जाणे!" तेवढ्यात शकू आतून ओरडली, "आई, तुझी बादली बुडबुडतेय!"

पाट्यावर वाटून, पंच्यातून गाळून, निथळून, वाळवून शेवटी वाटीभर पिवळट पूड निघाली. धाकटा कडेवर, वरवंटा हातात. एक थांबला की दुसरा रडे. नमुना पाठवण्याआधी पारख हवी म्हणून मी ह्यांच्या पांढऱ्या शर्टाला ती खळ दिली. शर्ट असा कडक झाला, की खुंटीची गरज उरली नाही. हे तो घालून कचेरीला गेले. त्या दिवशी नवे साहेब पाहणीला यायचे होते.

संध्याकाळी हे आले ते हात अंगापासून लांब धरून. "बसलो की वाजायचा," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दुपारी घाम आला. मग चिकटायला लागला. मग वास." आणखी थोड्या वेळाने, "साहेबांनी खिडकी उघडायला सांगितली. मग म्हणाले, हा खिडकीपाशी बसू दे." आणि अगदी शेवटी, चहा संपल्यावर, "मुंग्या होत्या गं."

मला हसू येऊ नये म्हणून मी पाळण्याकडे तोंड केलं. मामंजी मात्र गंभीर होते. "याचा अर्थ चिकटपणा उत्तम आहे," ते म्हणाले.

खळीचा मार्ग बंद झाला. पण रोज दिवेलागणीला मामंजी विचारत, "सूनबाई, आज शेताचं काही?" मी नाही म्हटलं की "असू दे, असू दे" म्हणत गॅलरीत जात. ते 'असू दे' मला ऐकवेना. म्हटलं, पीठ करून विकू.

आमच्या नाक्यावर दगडूची पिठाची चक्की आहे. मी एक डबा मका घेऊन रांगेत उभी राहिले. पुढे राजलक्ष्मीबाई आपल्या गव्हाचा डबा घेऊन होत्या. मला पाहून त्यांनी चारचौघींना ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्या बघा, कृतीत उतरवणाऱ्या!" मी जरा ताठ झाले.

दगडूने डब्यात हात घातला. दाणे वर घेतले, खाली सोडले. "दळतो की बाई. न दळायला काय? पण मग मक्यावर कोण दळणार?"

ज्यांनी कधी चक्कीवर डबा नेला नाही त्या पुरुषवाचकांसाठी सांगते. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ मूठभर तरी दगडात मागे राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून 'कशावर दळतोयस?' हा चक्कीवरचा पहिला प्रश्न. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. बाजरीवर गहू दळून आणला म्हणून आमच्या बिल्डिंगीत दोन जावा अजून बोलत नाहीत. आणि मक्याच्या पुढे तर परळमध्ये कोणी उभंच नव्हतं.

दगडूने रांगेला विचारलं, "कोण घालतंय मक्यावर?" बायका एकाएकी आपापल्या डब्यांची झाकणं तपासू लागल्या.

"राजलक्ष्मीबाई?" मी म्हटलं.

"अगं, घातलं असतं गं," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे ह्यांचं पोट!"

"मग माझेच गहू घाल मक्यानंतर," मी दगडूला म्हटलं.

"एक डबा मका असता तर घातले असते बाई. तुमच्याकडं गोण्या हायत म्हणं. गोण्यांवर तुमचा एक डबा गहू काय करणार? ह्या आळीच्या पोळ्या शिमग्यापर्यंत पिवळ्या येतील. अन शिव्या कोण खाणार? मी."

सगळ्या मजल्यांना ज्याचं भविष्य मान्य होतं, त्याच्या मागे डबा लावायला एकही घर तयार नव्हतं. मी मका उचलला आणि तरातरा निघाले, ती थेट लालबागला. तिथे मसाले कुटून-दळून देणारे आहेत. तिथे कशावर काय हे कोणी विचारत नाही, हे मला फार उदार वाटलं.

"मशीन स्वच्छ आहे ना?" मी विचारलं.

"झाडलंय बाई, झाडलंय."

पीठ असं सोनेरी निघालं, की पाहत राहावं. मी ते मामंजींना दाखवलं. त्यांनी चिमूट घेऊन उन्हात धरली. "आपल्या मातीचा रंग आहे," ते म्हणाले. तो आदल्या गिऱ्हाइकाच्या हळदीचा रंग होता. आणि हळदीच्या आधीचं गिऱ्हाईक काय दळून गेलं होतं, ते मंडळाच्या हॉलमध्ये कळलं.

राजलक्ष्मीबाईंनी, पोटाच्या गोष्टीचं प्रायश्चित्त म्हणून असेल, मक्याच्या भाकरीचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. कुठल्याशा समितीच्या पाहुण्या बाई आल्या होत्या. मामंजी शेवटच्या खुर्चीवर, धुतलेलं धोतर नेसून. मी तवा ठेवला, भाकरी थापली. मका फुटतो, थापता थापता कडा उलतात, तरी जमली. तव्यावर पडली मात्र, आणि पहिल्या रांगेतून एक शिंक आली. मग दुसऱ्या रांगेतून. मग मोजणी सुटली. राजलक्ष्मीबाई 'भविष्य' हा शब्द तीन वेळा सुरू करून तीन वेळा शिंकल्या. पाहुण्या बाईंनी धीराने घास घेतला, डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे पाहिलं आणि खुणेनेच तांब्या मागितला. त्यांना वाटलं असावं, मका असाच असतो.

फक्त तळमजल्याच्या कमळाबाई शांतपणे अख्खी भाकरी संपवून म्हणाल्या, "बरी आसा गो! ह्येच्याबरोबर बांगडो होयो होतो." त्या दिवशी पीठ खपलं ते एवढंच, कमळाबाईंच्या ओटीभर.

येताना मामंजींनी तवा माझ्या हातातून घेतला. बिल्डिंगीच्या फाटकापाशी म्हणाले, "तू फार केलंस, सूनबाई." मला एखाद्याने चिडून बोललेलं परवडतं. हे नाही परवडलं.

संक्रांत जवळ आली. गोण्या तशाच. उंदीर मात्र वेळेवर आले, आणि दाणे पळवून माळ्यावर साठवू लागले. मग एका सकाळी आमचा दूधवाला रामजी भय्या माप ओतता ओतता थांबला, फुटक्या गोणीत हात घालून म्हणाला, "बाई, ये तो भैंस का माल है. आदमी लोग कायको खाता?"

"घेतोस का?" मी विचारलं. आवाजात लाचारी नको म्हणून इतकी जपत होते, की ती ओरडल्यासारखी ऐकू आली.

"भैंस को पूछ के बताता." त्याने मूठभर दाणे कनवटीला लावले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "भैंस हाँ बोली."

इतक्या महिन्यांत मक्याला हो म्हणणारी ती पहिली. लोअर परळच्या तबेल्यात गोण्या गेल्या. आलेल्या पैशांत मालमोटारीचं भाडं सुटलं. बियाणं, नांगरट, भिवाची मेहनत ह्यांचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. आणि आठवडा गेला न गेला तोच रामजीने दुधाचा भाव वाढवला.

"का रे?"

"दूध देखो ना बाई, कितना गाढा हुआ! आजकल खुराक अच्छा है."

मी दारात उभीच राहिले. मक्याच्या अर्थशास्त्रावर मामंजींनी बरंच वाचलं होतं. हा धडा त्यात नव्हता.

संक्रांतीला भिवा आला. अंगात कोट, हातात त्याच्या शेतातल्या वालपापडीची पिशवी. हे कचेरीला न जाता घरी थांबले होते, पण कराराचा विषय त्यांनी काढला नाही. भांग पाडत राहिले, संपलेला भांग पुन्हा पुन्हा. मी तिळगूळ दिला. मामंजी खुर्ची ओढून दारात, भिवासमोर बसले.

"भिवा, पट्टी तू घे."

भिवा एवढा बोलका माणूस. त्याने तिळगूळ या हातातून त्या हातात केला. मग उठून कोटाची बटणं काढू लागला.

"राहू दे," मामंजी म्हणाले. "तिथली पाखरं आता त्याच कोटाला ओळखत असतील."

शकू मधोमध बसून पेला तोंडाला लावून दूध पीत होती. ओठांवर सायीची मिशी. तिने पेला खाली ठेवला.

"आई, ह्या दुधात आपला मका आहे ना?"

"आहे गं."

"मग रामजीला पैसे का द्यायचे?"

"म्हैस त्याची आहे ना, राणी. तो तिचं सगळं करतो."

शकूने थोडा विचार केला. भिवाकडे बघितलं, त्याच्या अंगातल्या कोटाकडे बघितलं. "आणि मका भिवाकाकांनी लावला?"

"हो."

"राखला पण त्यांनीच?"

"हो गं बाई, हो."

मामंजी तिच्याकडे पाहत होते. ह्यांचा कंगवा हवेत थांबला होता. माळ्यावरून एक दाणा सुटला आणि टक् करून झाकणावर पडला.

"मग आई," शकू म्हणाली, "त्यात आपलं काय होतं?"